टूथब्रशची निगा आणि तोंडाची रोजची स्वच्छता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला काही विचारता येत नाही. त्याचे खरे प्रश्न निघतात ते उठून, तोंड पुसून, दाराकडे वळल्यावर. "डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच..." दंतवैद्य म्हणून दारात ऐकलेले तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं दारात देतो त्यापेक्षा जरा ऐसपैस आहेत, एवढाच फरक.

ब्रश नेमका कधी बदलायचा?

तीन ते चार महिन्यांनी. केस त्याआधीच पिंजारले तर त्याआधी. पण तारखेपेक्षा ब्रशकडे बघा. तो पालथा धरा आणि पाठीमागून पाहा. डोक्याच्या कडेबाहेर केस डोकावत असतील तर त्याचं काम संपलं. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात केसाचं टोक शिरायला हवं. वाकलेला केस तिथे शिरत नाही, आडवा पडून वरून घसरतो. घासल्याचं समाधान मिळतं आणि दातांवरचा जंतूंचा चिकट थर होता तिथेच राहतो.

ब्रशवरून हातही ओळखता येतो. महिन्याभरात केसांची झाडू झाली असेल तर तुम्ही दात घासत नाही, खरवडताय. आणि सहा महिन्यांनंतरही ब्रश दुकानातून आणल्यासारखा दिसत असेल तर तो वापरात आहे का, हे आधी बघा. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही शंका बहुतेक वेळा खरी निघते.

ब्रश धुवायचा म्हणजे काय करायचं? नळाखाली धरतोच की.

नळाखाली दोन सेकंद धरून बेसिनच्या कडेवर आपटणं म्हणजे धुणं नव्हे. टोकं स्वच्छ होतात, मुळं तशीच राहतात. दोन महिने वापरलेला ब्रश उजेडात धरा आणि केसांच्या झुबक्यांच्या मधून एक टाचणी फिरवा. टाचणीवर खडूच्या ओल्या भुकटीसारखं पांढरट, चिकट काहीतरी येईल. त्यात पेस्टमधली घासणारी पूड असते, लाळ असते आणि अन्नाचे बारीक कण असतात. म्हणून वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने केस दोन्ही बाजूंना वळवत धुवा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. मग दोन-तीन वेळा जोरात झटका आणि केस वर करून उभा ठेवा.

उकळत्या पाण्यात घातला तर? किंवा रात्रभर माऊथवॉशमध्ये?

दोन्ही नको. ब्रशचे केस नायलॉनचे असतात. उकळत्या पाण्याने ते मऊ पडून वाकतात. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर यांचीही तीच गत.

माऊथवॉशमध्ये बुडवायची निरोगी माणसाला गरज नाही. वापरलेल्या ब्रशवर जंतू असतातच. ते तुमच्याच तोंडातले असतात आणि त्यांच्यामुळे निरोगी माणूस आजारी पडतो असा ठोस पुरावा नाही. उलट घरातले चार ब्रश एकाच ग्लासातल्या द्रावणात बुडवले तर एकाचं दुसऱ्याला द्यायची सोय होते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे फार खाली आली आहे, त्यांनी मात्र ब्रशची काळजी कशी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

ब्रशसाठी खरं औषध म्हणजे कोरडेपणा. नायलॉनचा ब्रश १९३८ साली बाजारात आला. त्याआधी डुकराच्या राठ केसांचे ब्रश वापरत. ते केस पाणी धरून ठेवत आणि लवकर वाळत नसत. नायलॉन पटकन वाळतो. हा त्याचा मोठा गुण आहे, आणि आपण ब्रशला टोपी घालून तोच घालवतो.

म्हणजे टोपी वाईट?

रोजच्या वापरात, हो. ओला ब्रश बंद टोपीत म्हणजे जंतूंना दमट, उबदार खोली. प्रवासात टोपी लागते, हे मान्य. तेव्हा भोकं असलेली घ्या, ब्रश आधी टिपून कोरडा करा आणि मुक्कामाला पोचल्यावर टोपी काढून तो उघड्यावर ठेवा.

संडास आणि बाथरूम एकत्र आहे. ब्रश तिथे ठेवला तर चालेल का?

फ्लश केल्यावर बारीक तुषार उडतात, हे खरं. म्हणून झाकण पाडून फ्लश करा आणि ब्रश शक्य तेवढा लांब ठेवा. बाथरूम सदाच दमट असेल तर त्याला बाहेरच काढा.

पण कमोडची चिंता करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ब्रशच्या मगात कधी डोकावलेलं नसतं. आज डोकावा. तळाशी बोटभर पाणी असेल, करडं, बुळबुळीत, आणि चारही दांड्यांची बुडं त्यात बुडालेली. आपण तोच दांडा मुठीत धरतो. तो मग दर आठवड्याला साबणाने धुवा, नाहीतर तळाला भोक असलेला स्टँड घ्या. आणि ब्रशची डोकी एकमेकांना टेकणार नाहीत एवढं अंतर ठेवा.

सर्दी-ताप होऊन गेला. ब्रश फेकायचा का?

साध्या सर्दीसाठी गरज नाही. ज्या विषाणूशी शरीर आत्ताच लढलं, त्याच्याशी कसं लढायचं ते त्याला ठाऊक झालेलं असतं. नीट धुवून वाळवा, तेवढं पुरे. आजारपणात मात्र तुमचा ब्रश इतरांच्या ब्रशला लागू देऊ नका. तोंडात बुरशीचा संसर्ग झाला असेल तर उपचारानंतर ब्रश बदला, असं मी सांगतो.

नवरा-बायकोने एकच ब्रश वापरला तर?

नाही. प्रेम दाखवायचे दुसरे मार्ग आहेत. हिरड्यांतून नकळत रक्त येत असतं आणि हिपॅटायटिस बी सारखे आजार रक्तातून पसरतात.

हार्ड, मिडियम की सॉफ्ट?

सॉफ्ट. इथे माझीच गोष्ट सांगतो. दंतवैद्यकीला प्रवेश घेण्याआधीच्या वर्षांत मी हार्ड ब्रश वापरायचो. त्याशिवाय दात साफ झाल्यासारखे वाटायचेच नाहीत. उजव्या हाताने घासतो, त्यामुळे सुरुवात नेहमी डावीकडून आणि तीही पूर्ण जोर लावून. वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी हळूहळू वर सरकली. आजही त्या सुळ्याच्या मुळाशी नख फिरवलं की एक खाच लागते. गार पाण्याचा घोट त्या बाजूला गेला की डोळ्यापर्यंत कळ जाते. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, मुळावर ते नसतं. आतल्या थरात सूक्ष्म नळ्या असतात आणि मूळ उघडं पडलं की गार-गरम थेट नसेपर्यंत पोचतं. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. इनॅमलही पुन्हा वाढत नाही, कारण त्यात जिवंत पेशीच नसतात.

थर लोण्यासारखा मऊ असतो. त्याला खरवडायला जोर लागत नाही, फक्त केस तिथवर पोचावे लागतात. हाच थर दगडासारखा घट्ट झाला की त्याचं कीटण होतं. ते मात्र कितीही हार्ड ब्रश आणला तरी निघत नाही, मग जोर कशासाठी?

दात घासायची योग्य पद्धत कोणती?

जवळपास सगळेच जण दातांचा तो भाग घासतात जो हसताना दिसतो. तो भाग जीभ आणि ओठ दिवसभर पुसतच असतात. थर साचतो तो हिरडीच्या कडेला, दाढांच्या मागच्या बाजूला आणि खालच्या दातांच्या जिभेकडच्या अंगाला.

ब्रश हिरडीच्या कडेवर असा ठेवा की केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर येतील आणि त्यांचा रोख हिरडीकडे, साधारण ४५ अंशात तिरका असेल. तिथल्या तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात, ब्रश हलका थरथरवा. दहा-बारा वेळा. मग मनगट वळवून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एक फटका आणि पुढच्या दोन-तीन दातांकडे. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा चिमटीत धरा. चिमटीत जोर लावताच येत नाही.

पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावत नाही, तिथे उभा धरा. शेवटच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला पोचायचं तर तोंड थोडं मिटा. आ वासला की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. ही युक्ती सांगितली की लोक आरशासमोर करून बघतात आणि चकित होतात.

एकूण दोन मिनिटं. एकदा घड्याळ लावून पाहा, दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल.

सकाळचं घासणं महत्त्वाचं की रात्रीचं?

दोन्ही. पण एकच जमणार असेल तर रात्रीचं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. लाळ ही तोंडाची पहारेकरी आहे. ती आम्ल धुऊन काढते आणि दातांतून निघालेली खनिजं परत देते. पहारा उठलेला आणि दातांवर थर तसाच, हे सात-आठ तास चालतं. सकाळी तोंडाला जो वास येतो तो याचाच. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नका.

खाल्ल्या-खाल्ल्या दात घासणं चांगलं ना?

आंबट खाल्लं-प्यायलं असेल, सॉफ्ट ड्रिंक घेतलं असेल किंवा उलटी झाली असेल, तर अर्धा ते एक तास थांबा. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात आणि पृष्ठभाग काही काळ मऊ पडतो. त्या अवस्थेत ब्रश फिरवणं म्हणजे ओल्या भिंतीवर झाडू मारणं. तोवर पाण्याने खळखळून चूळ भरा. गरोदरपणात सकाळच्या उलट्यांनंतर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरली तर आम्ल मरतं.

गोड खाल्ल्यावर थरातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांच्या हिशेबात मोठं. एकदाच पोटभर खाणाऱ्यापेक्षा दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्याचे दात लवकर किडतात.

पेस्ट किती घ्यायची, आणि नंतर चूळ किती भरायची?

मोठ्यांना ब्रशवर पट्टाभर पेस्ट लागत नाही, तो जाहिरातीतला देखावा. वाटाण्याएवढी पुरते. नळीवर कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचं प्रमाण बघा, १००० ते १५०० पीपीएमच्या दरम्यान असावं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. लहान मुलं पेस्ट गिळतात. पक्के दात घडत असताना फ्लोराइड जास्त पोटात गेलं तर त्या दातांवर पांढरे डाग येऊ शकतात. म्हणून पेस्टची नळी मुलांच्या हातात देऊ नका.

शेवटी फेस थुंका आणि तेवढ्यावरच थांबा. खळखळून चूळ भरली की दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. ही सवय लावून घ्यायला मला स्वतःला महिना लागला. तोंड "न धुतल्यासारखं" वाटतं. अगदीच राहवलं नाही तर घोटभर पाण्याची एकच चूळ.

मूल स्वतः कधी घासायला लागेल?

हौसेने दोन वर्षांपासून, नीट साधारण सात-आठ वर्षांपासून. तोवर त्याला घासू द्या आणि नंतर तुम्ही पुन्हा घासा. पहिला दात दिसला की सुरुवात करायची. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात.

हिरडीतून रक्त येतं. तिथे ब्रश लावायचा नाही ना?

तिथेच लावायचा. या एका प्रश्नासाठी मी दारात उभा राहून दहा मिनिटं बोलतो.

रक्त आलं की माणूस ती जागा सोडून घासतो. जागा सोडली की थर वाढतो, थर वाढला की हिरडी आणखी सुजते आणि पुढच्या वेळी आणखी रक्त. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं तेव्हा साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. बारा जणांचाच प्रयोग, पण हिरड्यांबद्दल आपण आज जे सांगतो त्याचा पाया तिथे आहे.

म्हणून सॉफ्ट ब्रश घ्या आणि रक्त येतं तिथे हलक्या हाताने रोज दोनदा फिरवा. पहिले तीन-चार दिवस फेस गुलाबी येईल, घाबरू नका. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, हिरडीतून पू आला किंवा दात हलू लागला तर दाखवून घ्या. मधुमेह असेल तर वाट बघू नका. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी "मला तर रक्त येत नाही" म्हणून निर्धास्त राहू नये. धूम्रपानाने रक्त येणं दबतं, आजार आत चालूच राहतो.

फ्लॉस खरंच लागतो का?

दोन दातांच्या मधल्या भिंतीवर ब्रशचा केस पोचत नाही. खात्री करायची असेल तर आज रात्री नीट ब्रश करून झाल्यावर शेवटच्या दोन दाढांमधून फ्लॉसचा दोरा फिरवा आणि त्याचा वास घ्या. मला पुढे काही सांगावं लागणार नाही.

वीतभर दोरा काढू नका, हातभर काढा. मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा मागेपुढे करत फटीत उतरवा, दाताला कवेत घेतल्यासारखा वळवा आणि वर-खाली घासा. झटक्याने दाबलात तर हिरडी कापेल. फटी मोठ्या असतील किंवा दातांना तारा लावल्या असतील तर फटीत जाणारा छोटा ब्रश जास्त उपयोगी. टाचणी आणि काडी नको.

दात साफ असूनही तोंडाला वास येतो.

जीभ बाहेर काढून मागचा भाग बघा. पांढरट-पिवळट साय दिसेल. तिथले जंतू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. टंग क्लीनर मागून पुढे, तीन-चार वेळा, हलक्या हाताने. उमासे येईपर्यंत आत घालायची गरज नाही. तरीही वास राहिला तर हिरड्या, कीड, कोरडं तोंड, टॉन्सिल किंवा सायनस यांपैकी कुठेतरी कारण असतं. रक्तदाब, ॲलर्जी आणि नैराश्य यांवरच्या काही औषधांनी लाळ कमी होते. औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

माऊथवॉश वापरला तर ब्रश टाळता येईल?

नाही. चिखल झालेली गाडी नुसत्या फवाऱ्याने साफ होत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माऊथवॉश तर डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस घ्या. जास्त दिवस घेतला तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे त्याचा परिणामही कमी होतो, म्हणून ब्रश आणि तो यांत अर्धा तास जाऊ द्या.

कोळशाच्या पुडीने दात पांढरे होतात का?

वरचे डाग खरवडले जातात, त्यासोबत इनॅमलही. इनॅमल पातळ झालं की आतला पिवळसर थर जास्त दिसतो. म्हणजे पांढऱ्याच्या मागे लागून पिवळे.

इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का?

परवडत असेल तर घ्या. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की तो साध्या ब्रशपेक्षा थर थोडा जास्त काढतो. ज्यांचे हात थरथरतात, बोटं आखडतात किंवा ज्यांना जोर आवरत नाही, त्यांना तो खरा उपयोगी. एकच चूक सगळे करतात: तो चालू असताना साध्या ब्रशसारखा घासतात. त्याला एकेका दातावर नुसतं टेकवून धरायचं. आणि त्याचं डोकंही तीन महिन्यांनी बदलायचं.

कवळीला पेस्ट लावून घासली तर?

पेस्टमधल्या पुडीने कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा साबण आणि मऊ ब्रश वापरा, खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा म्हणजे हातातून निसटली तर फुटणार नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा. गरम पाण्यात नाही, आकार बिघडतो.

दात साफ करून घेतले की ते ढिले होतात म्हणे?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा एखाद्या काकांचा किंवा मावशीचा दाखला असतो.

थर दिवसेंदिवस तसाच राहिला की लाळेतल्या खनिजांनी त्याचा दगड होतो. तेच कीटण. लाळेच्या ग्रंथी जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, ते सगळ्यांत लवकर जमतं. त्यावर बसलेल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, ती आणि खालचं हाड मागे हटत जातं आणि मग दाताभोवतीचा आधार तुटतो. वर्षानुवर्षं सरकलेल्या हिरडीची जागा कीटणाने भरलेली असते. ते काढलं की फट उघडी पडते, गार लागतं आणि जीभ सारखी तिथे जाते. फट आम्ही पाडली नाही, ती झाकलेली होती. दात काही दिवस शिवशिवतात, मग शांत होतात. जो दात खरंच हलतो तो कीटणाच्या टेकूवर उभा होता.

आत्ता जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवा. गुळगुळीत आणि प्रत्येक दात वेगळा लागला तर उत्तम. भिंतीसारखं सलग, खरखरीत लागलं तर पुढच्या वेळी दारात विचारू नका, खुर्चीत बसा.